सशेष आणि अशेष

कर्करोगाची शस्त्रक्रिया आटोपली म्हणजे रुग्णाच्या आप्तांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न सर्वांसमक्ष, शस्त्रक्रियागृहाच्या दारातच विचारला जातो: "सगळे निघाले ना?" दुसरा प्रश्न मात्र वैद्यास एकीकडे घेऊन, आवाज खाली आणून विचारण्यात येतो: "आता पुढे कोठे पसरणार तर नाही ना?" पहिल्याचे उत्तर वैद्य आपल्या डोळ्यांनी पाहून देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर द्यावयास त्याला आपल्या पूर्वी होऊन गेलेल्या सहस्रावधी रोग्यांची साक्ष काढावी लागते. शस्त्रविद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या प्रश्नाचाच इतिहास लिहितात. कोणी प्रथम पोट फाडले, कोणी प्रथम छाती उघडली, याची वर्णने वाचावयास मिळतात. पण मनुष्य हे भाकीत करावयास कसा शिकला, ही दुसरी कथा मला अधिक विचारणीय वाटते. ती सांगण्यासाठी मी अन्ननलिकेचा कर्करोग घेतला आहे. कारण या ठिकाणी दुसरा प्रश्न जितका अवघड आहे, तितका शरीरात अन्यत्र क्वचितच असेल.

आपल्याकडे या विचाराला फार जुने नाव आहे. वैद्याने चिकित्सेस हात घालण्यापूर्वी रोग साध्य की असाध्य हे ठरवावे, यास आयुर्वेद साध्यासाध्यविचार म्हणतो. सुश्रुताने अर्बुदाचे, म्हणजे मांसाच्या गाठीचे, जे वर्णन केले आहे त्यात काही गाठी वैद्याने हाती घेऊ नयेत म्हणून सांगितल्या आहेत. ज्यांतून स्राव होतो त्या, ज्या मर्मस्थानी उद्भवल्या त्या, ज्या स्रोतसात उद्भवल्या त्या, आणि ज्या हलविल्या असता हलत नाहीत त्या. अन्ननलिका हा अन्न वाहून नेणाऱ्या स्रोतसाचाच मार्ग असल्यामुळे प्रस्तुत रोग सुश्रुताच्या यादीत सरळ असाध्याच्या पदरात पडतो. 'हलत नाही' हे लक्षण तर आजचा शस्त्रवैद्यही पहिल्याने पाहतो. गाठ श्वासनलिकेस किंवा महारोहिणीस चिकटून अचल झाली असेल तर तो सुरी हाती घेत नाही. चिकित्सास्थानात सुश्रुताने आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. अर्बुदाचा दोष शेष ठेवला तर ते लवकरच पुन्हा उद्भवते. म्हणून ते निःशेष काढावे, कारण उरलेला अंश अग्नीप्रमाणे घात करतो. आजच्या वैद्यकात शस्त्रक्रियेनंतर काही शेष उरले की नाही यावरून तीन वर्ग करतात, आणि त्यांस 'रेसिड्युअल', म्हणजे 'शेष', या शब्दाच्या आद्याक्षरावरून आर-शून्य, आर-एक व आर-दोन म्हणतात. आर-शून्य म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीही कडेला काही सापडले नाही. आर-एक म्हणजे डोळ्यांना दिसत नाही, पण भिंगाखाली दिसते. आर-दोन म्हणजे डोळ्यांदेखत मागे राहिले. संस्कृतात बोलावयाचे तर अशेष आणि सशेष.

एवढ्यावरून सुश्रुतास सर्व ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह आपल्या काही विद्वानांना होतो, तो मात्र टाळावा. पूर्वीच्या अर्बुदावर वा त्याच्या जागी उठणाऱ्या दुसऱ्या गाठीस सुश्रुत अध्यर्बुद म्हणतो, एकदम किंवा एकामागून एक उठणाऱ्या जोडीस द्विरर्बुद म्हणतो, आणि दोन्ही असाध्य मानतो. हे निरीक्षण सूक्ष्म आहे. पण एका गाठीतील पेशी सुटून, लसीकेच्या किंवा रक्ताच्या प्रवाहातून वाहत जाऊन दूरच्या अवयवात रुजतात, हे ज्ञान निराळे आहे. ते सूक्ष्मदर्शकाखेरीज व शवविच्छेदनाखेरीज होणे शक्य नव्हते. पूर्वजांचा गौरव करावयास त्यांनी जे पाहिले तेवढे पुरे आहे. जे पाहिले नाही ते त्यांच्या पदरी घालण्याची आवश्यकता नाही.

१८८९ हे साल या कथेत दोन ठिकाणी येते. त्या वर्षी लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांची शवविच्छेदनाची टिपणे त्यांनी तपासली होती. पसरलेला रोग शरीरात कसाही विखुरलेला असता, तर ज्या अवयवास जितके रक्त मिळते त्या मानाने तो त्या त्या अवयवात सापडला असता. पण तसे दिसेना. यकृतात तो वारंवार दिसे, प्लीहेत क्वचित. यावरून पॅजेट म्हणाले की कर्करोगाच्या पेशी हे बी आहे. ते वाऱ्यावर सर्वत्र उडते, पण मानवेल त्याच मातीत उगवते. कृष्णाकाठच्या कोणत्याही शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. मळईच्या रानातले पीक माळावर का धरत नाही हे तो उपजत जाणतो. रोग कोठे पसरेल हे भाकीत करण्याचा शास्त्रीय पाया या निबंधाने घातला असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षी विल्यम जेम्स वानलेस नावाचा कॅनडात जन्मलेला चोवीस वर्षांचा डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आला. त्याने प्रथम सांगलीस दवाखाना घातला, मग मिरजेस मुक्काम हलविला, आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. पटवर्धनांच्या या लहानशा संस्थानी गावी रोग्यांची रीघ लागण्यास डॉक्टरांच्या हातगुणाइतकेच आगगाडीही कारण झाली. पुण्याहून बेळगावकडे जाणारा व कोल्हापुरास फुटणारा लोहमार्ग मिरजेस एकत्र येई; त्यामुळे सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, बेळगाव, सगळीकडचा रोगी मिरजेस उतरे. वानलेस यांची कीर्ती मुख्यतः मोतीबिंदूच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांबद्दल झाली. १९२८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली, आणि सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत त्यांचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढण्यात आला, १९६० साली त्यास सांगली जिल्हा हे नाव पडले. परंतु रोग्यांच्या वहिवाटीने हे दोन जिल्हे कधी वेगळे झाले नाहीत. १९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेही या जुन्या वाटेवरच.

तथापि वानलेस यांच्या काळी अन्ननलिकेच्या कर्करोगाचा रोगी मिरजेस आला असता काय आणि लंडनास गेला असता काय, त्याची गती एकच होती. ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची. घशापासून निघून, श्वासनलिकेच्या पाठीशी व कण्याच्या पुढ्यात, हृदयाच्या व महारोहिणीच्या शेजाराने उतरत ती जठरास मिळते. शरीरातील इतकी अडचणीची जागा दुसरी नाही. छाती उघडावी तर बाहेरची हवा आत शिरून फुप्फुसे मिटतात आणि रोगी सुरीखालीच गुदमरतो. तेव्हा पोटास छिद्र पाडून त्यातून दूध-पेज ओतावयाची, याखेरीज वैद्याच्या हाती काही नव्हते. नळीच्या आत नुसते डोकावावयाचे म्हटले तरी पंचाईत. १८६८ साली फ्रायबुर्ग येथील कुसमाउल यांनी आपली सरळ नळी घशातून उतरविण्यासाठी तलवार गिळणारा एक खेळाडू गाठला, तेव्हा कोठे ते जमले! आपल्या जत्रांत गारुड्यांचे असे खेळ पाहून आपण टाळ्या वाजवितो. तोच खेळ पाहून एका जर्मन वैद्यास रोगनिदानाचे साधन सुचले. १८७७ साली हायडेलबर्गच्या चेर्नी यांनी मानेच्या भागातील अन्ननलिकेचा कर्करोग कापून काढला. त्या बाईने सुमारे सव्वा वर्ष काढले. मग रोग उलटला.

छातीतील अन्ननलिका काढून रोगी जगविण्याचे यश न्यूयॉर्क येथील फ्रान्झ टोरेक यांना १९१३ च्या मार्च महिन्यात आले. रोगी होती ६७ वर्षांची एक वृद्धा. टोरेक यांनी रोगट नळी काढली, मानेतील वरचे टोक कातडीबाहेर आणले, आणि ते पोटातील छिद्राशी एका रबरी नळीने बाहेरून जोडले. बाई घास चावून गिळे, तो घास छातीवरून जाणाऱ्या रबरी नळीतून जठरात उतरे. अशा रीतीने ती बारा वर्षांहून अधिक काळ जगली, आणि अखेर गेली ती फुप्फुसदाहाने, कर्करोगाने नव्हे. हा प्रसंग सर्व ग्रंथांत मोठ्या कौतुकाने दिलेला असतो. परंतु मला त्यात एक निराळीच गोष्ट दिसते. या बाईचा रोग परत का आला नाही, हे टोरेक सांगू शकत नव्हते. पुढे अनेक शस्त्रवैद्यांनी तीच क्रिया केली आणि त्यांचे रोगी गेले. काही सुरीखाली गेले, काही वर्ष-सहा महिन्यांनी. एकाच क्रियेने एक वाचतो व दहा जातात, तेव्हा फरक क्रियेत नसून रोग्यात असला पाहिजे. आणि तो फरक अगोदर ओळखण्याचे साधन कोणाजवळ नव्हते.

ते साधन हळूहळू तयार झाले ते शरीराच्या एका दुर्लक्षित भागाच्या अभ्यासातून. रक्तवाहिन्यांखेरीज शरीरात लसीका वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचे जाळे आहे, आणि वाटेत ठिकठिकाणी वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान ग्रंथी आहेत. कर्करोगाच्या सुटलेल्या पेशी या वाहिन्यांतून जाऊन प्रथम या ग्रंथींत अडकतात. १८४८ साली विर्खो यांनी पोटातील कर्करोगात डाव्या गळपट्टीच्या हाडावरची ग्रंथी सुजते हे नमूद केले होते. अन्ननलिकेपुरते बोलावयाचे तर १९०३ साली सकाता या जपानी शास्त्रज्ञाने तिच्या लसीकावाहिन्यांचा नकाशा काढला. त्यात असे दिसले की या वाहिन्या नळीच्या अस्तराखालून आडव्या जाण्यापेक्षा उभ्या, वर आणि खाली, दूरवर धावतात. पाटाच्या पाण्याने जवळच्या वाफ्यात न शिरता सरळ शिवारापलीकडच्या रानात जावे, तसा हा प्रकार आहे. छातीच्या मध्यभागी असलेल्या गाठीतील पेशी शेजारची ग्रंथी वगळून एकदम मानेत किंवा एकदम जठराखाली जाऊन बसतात. त्यात अन्ननलिकेस जठर-आतड्यांसारखे बाह्य पातळ आवरण नाही, आणि तिच्या अगदी आतल्या अस्तरापर्यंत लसीकावाहिन्या पोचलेल्या आहेत. म्हणून गाठ लहान असतानाच पेशी बाहेर पडू लागतात. घास अडकू लागतो तोवर रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. नळी लवचिक असल्यामुळे तिचा बराचसा भाग बुजेपर्यंत रोग्यास कळतच नाही. तो भाकरी सोडून भातावर येतो, भात सोडून पेजेवर येतो, आणि 'दात गेले आता' असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेतो.

या शरीररचनेचा अर्थ मला पुस्तकातून कळण्यापूर्वी घरात कळला. माझ्या नात्यातील एक गृहस्थ, वाई भागातील शाळामास्तर, यांची अशी शस्त्रक्रिया दूरच्या शहरातील एका रुग्णालयात झाली. "सर्व काढले," असे शस्त्रवैद्यांनी सांगितले आणि घरी पेढे वाटले गेले. मास्तर पुन्हा वर्गावर जाऊ लागले. चौदा महिन्यांनी त्यांचा आवाज बसला. पावसाळा होता, सर्दी म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. तो आवाज परत आला नाही. स्वरयंत्रास जाणारी डावी नस छातीत उतरून, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेऊन, श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून वर चढते. आणि नेमक्या त्याच खाचेत त्या ग्रंथींची माळ आहे. ग्रंथी वाढली, नस दाबली, आवाज गेला. शस्त्रवैद्यांनी असत्य सांगितले असे मी म्हणत नाही. त्यांना दिसले तेवढे त्यांनी काढले होते. पण 'सर्व काढले' या दोन शब्दांत घरच्या माणसांनी दोन्ही प्रश्नांची उत्तरे ऐकली, आणि ती समजूत दूर करण्याची तसदी कोणी घेतली नाही. मास्तरांच्या पत्नीने पुढे मला विचारले होते, "हे होऊ शकते एवढे तरी आम्हाला सांगितले असते, तर ते त्या चौदा महिन्यांत वर्गावर गेले असते का हो?" मला वाटते, गेलेच असते. पण ते ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता.

१९३० नंतरची शस्त्रविद्येची प्रगती मी थोडक्यात सांगतो, कारण ती अन्यत्र पुष्कळ वाचावयास मिळते. श्वासनलिकेत नळी घालून फुप्फुसे फुगती ठेवण्याची युक्ती साधल्यावर छाती उघडणे सुकर झाले. क्योटोचे ओसावा यांनी १९३३ च्या सुमारास रोगट नळी काढून जठर वर ओढून छातीतच जोडले. १९३८ साली अमेरिकेत अॅडम्स व फेमिस्टर यांनी तेच केले. १९४६ साली इंग्लंडात आयव्हर लुईस यांनी पोट व छाती या दोन्ही मार्गांनी जाण्याची जी रीत घालून दिली ती आजही चालते. टोरेक यांच्या रबरी नळीचे काम संपले. लोकांना वाटले, रोग जिंकला. १९८० साली अर्लम व कुन्हा-मेलो यांनी १२२ निबंधांतील ८३,७८३ रोग्यांची बेरीज मांडली, तेव्हा खरा हिशेब पुढे आला. शंभर रोगी आले तर ५८ जणांची शस्त्रक्रिया सुरू होते; ३९ जणांची गाठ निघू शकते; त्यांपैकी १३ रुग्णालयातच दगावतात; उरलेल्या २६ पैकी १८ जण एक वर्ष, ९ जण दोन वर्षे आणि अवघे ४ जण पाच वर्षे जगतात. एवढा निष्ठुर जमाखर्च वैद्यकाच्या इतिहासात थोडाच असेल. तो मांडण्यास धैर्य लागते, आणि या दोघांनी ते दाखविले याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. आजचे आकडे याहून पुष्कळ बरे आहेत. जाणत्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेने होणारे मृत्यू शेकड्यास थोडेच उरले आहेत. पण ते बरे झाले ते हा हिशेब लपविला नाही म्हणूनच.

आता प्रश्न असा, की ते चार कोण? शंभरांतील ते चार आधी ओळखता येतील काय? फ्रान्समधील पियेर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या वर्षांत सर्व कर्करोगांसाठी एक परिभाषा सिद्ध केली: गाठ किती खोल गेली, ग्रंथी किती बाधल्या, आणि दूरच्या अवयवांत काही आहे काय. या तीन गोष्टींची अक्षरे टी, एन व एम. जगातील सर्व कर्करोगवैद्य आज हीच भाषा बोलतात. प्रारंभी अन्ननलिकेच्या बाबतीत 'ग्रंथी बाधली आहे' किंवा 'नाही' एवढाच भेद होता. पुढे ध्यानात आले की एक ग्रंथी बाधलेला रोगी आणि दहा बाधलेला रोगी यांचे भवितव्य एक नव्हे. तीन खंडांतील १३ संस्थांच्या ४,६२७ रोग्यांचे टिपण एकत्र करून २००९ साली नवी वर्गवारी ठरली: एक-दोन ग्रंथी हा पहिला वर्ग, तीन ते सहा हा दुसरा, सात व त्यांहून अधिक हा तिसरा. हे इतके साधे गणित, बोटांवर मोजण्याजोगे, पण शस्त्रक्रियेनंतरच्या भाकितात त्याच्याइतके भरवशाचे गमक थोडेच आहे. रोग उलटावयाचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, हेही अशाच मोजणीतून निश्चित झाले.

ग्रंथी जर इतक्या महत्त्वाच्या, तर सगळ्याच काढून टाकाव्यात, हा विचार ओघानेच आला. टोकियोचे आकियामा यांनी १९८१ साली दाखवून दिले की गाठ नळीत कोठेही असो, बाधलेल्या ग्रंथी मानेच्या पायथ्यापासून पोटापर्यंत सापडतात. म्हणून जपानी शस्त्रवैद्यांनी मान, छाती व पोट या तिन्ही क्षेत्रांतील ग्रंथी खरवडून काढण्याचा मार्ग धरला. त्यांची निष्ठा व त्यांच्या हाताचे कौशल्य यांविषयी आदरच वाटतो. परंतु शांघाय येथे ४०० रोग्यांवर दोन क्षेत्रे विरुद्ध तीन क्षेत्रे अशी रीतसर तुलना होऊन २०२१ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की मानेच्या ग्रंथी अधिक काढल्याने आयुष्य वाढले नाही. ग्रंथी ही रोगाची वाट अडविणारी वेस नसून रोग तेथून गेला हे सांगणारी पाऊलखूण आहे, असा याचा एक अर्थ होतो. तसे असेल तर मोजण्यासाठी ग्रंथी पाहिजेत, पण वाचविण्यासाठी दुसरेच काही पाहिजे.

ते दुसरे काही म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच औषध व किरण यांचा मारा. हॉलंडमध्ये ३६६ रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यम आयुर्मान २४ महिने भरले, आधी औषध-किरण मिळालेल्यांचे ४९ महिन्यांहून अधिक. निःशेष निघण्याचे प्रमाणही शेकडा ६९ वरून ९२ वर गेले. सुश्रुताच्या भाषेत सशेषाचे अशेष झाले, ते सुरीने नव्हे तर सुरी लागण्यापूर्वी. येथे आपल्या वाचकांच्या दृष्टीने एक बारकावा महत्त्वाचा आहे. त्या प्रयोगातील तीन चतुर्थांश रोग्यांना ग्रंथिपेशींचा कर्करोग होता; तो नळीच्या खालच्या टोकास, आम्लाच्या उलट येण्याने व लठ्ठपणाने होणारा पाश्चात्त्यांचा रोग. आपल्याकडे प्राबल्य आहे ते खवल्यासारख्या पेशींच्या कर्करोगाचे. तो तंबाखूचा, मद्याचा, निकृष्ट आहाराचा सोबती. सुदैवाने या दुसऱ्या जातीस औषध-किरणांचा गुण अधिकच येतो असे त्याच प्रयोगात दिसले, आणि पुढे चीनमधील प्रयोगानेही त्यास दुजोरा दिला. पण परदेशी कोष्टक जसेच्या तसे आणून कऱ्हाडच्या रोग्यावर बसविणे किती धोक्याचे, हे यावरून ध्यानात यावे. मातीचा विचार बियाण्याइतकाच करावा लागतो, असे पॅजेटच म्हणून गेले होते.

आपल्या मातीचा विचार करण्यास मुंबईत आरंभ झाला. १९४१ च्या फेब्रुवारीत परळास टाटा रुग्णालय उघडले आणि विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आली. त्यांची दृष्टी केवळ भिंगाखालच्या पेशीवर नव्हती. ही पेशी कोणाची, तो काय खातो, काय ओढतो, कोणत्या जातीजमातीचा, हे ते विचारीत. १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांनी विलायतेच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे यांचा पचनमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगांशी असलेला संबंध आकड्यांनिशी मांडला. त्या निबंधाची आठवण आपल्या भागात विशेष व्हावी. निपाणीची तंबाखू आपल्या उशाशी पिकते. तिच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन अनेकांना आठवत असेल. सातारा-सांगलीच्या खेड्यांत पुरुषाच्या कमरेला चंची आणि बाईच्या कोनाड्यात मिश्रीची डबी, हे दृश्य कोणास नवे नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दातांना लावीत बसलेल्या म्हाताऱ्यांना आपण व्यसनी म्हणत नाही. दात घासतात म्हणतो. २०१२ साली सरकारने गुटख्यावर बंदी घातली, पण मिश्री कोणाच्या बंदीत बसत नाही.

टाटा रुग्णालयाच्या रस्त्यास डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. १९६९ साली निवर्तलेले हे शस्त्रवैद्य गोरगरिबांत देवमाणूस म्हणून ओळखले जात. आपल्याकडचा रोगी पहाटेच्या गाडीने दादरास उतरतो, गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत वळकटी टाकतो, आणि पत्ता विचारीत बोर्जिस मार्गास लागतो. ज्या महाराजांच्या नावाने कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कऱ्हाडास महाविद्यालय काढले, तेच नाव त्या रोग्यास मुंबईत थारा देते.

मात्र भाकिताच्या शास्त्रास याहून निराळ्या सोयीची गरज असते. रोगी बरा होऊन गावी गेला. त्याचे पुढे काय झाले? तो दोन वर्षांनी जिवंत आहे काय? गेला असेल तर कशाने? याचे उत्तर न मिळाले तर शस्त्रक्रिया झाली एवढीच नोंद राहते, तिच्यापासून शिकता काही येत नाही. आपल्याकडचा रोगी बरा वाटले तर येत नाही, कारण पीक उभे असते. आणि वाईट वाटले तरी येत नाही, कारण पैसा संपलेला असतो. दोघेही वहीत सारखेच 'आला नाही' म्हणून नोंदले जातात. ही अडचण ओळखून सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग-नोंदणीचा उपक्रम सुरू झाला. तीनशेहून अधिक गावे, आणि त्या गावांत पायपीट करणारे नोंदणीदार. रोगी रुग्णालयात येईपर्यंत वाट न पाहता ते गावात जातात. पारावर बसलेल्यांस विचारतात, कोणाला घास अडकतो काय, कोणाला तोंडात बरी न होणारी जखम आहे काय. खेड्यातील कर्करोगाविषयी आज जे विश्वसनीय ज्ञान आपणापाशी आहे, त्यात या पायपिटीचा वाटा मोठा आहे. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, म्हणजे आधीची; पण शहरात कागद मिळतो, खेड्यात माणूसच शोधावा लागतो.

अलीकडे यंत्रगणकावर रोग्याची माहिती भरली की उलटण्याचा संभव शेकड्यात सांगणारी कोष्टके निघाली आहेत, आणि रक्तात फिरणारे कर्करोगाचे अंश हुडकण्याचे प्रयत्नही चालले आहेत. त्यांबद्दल वृत्तपत्रांतून पुष्कळ येते. पण या सर्व कोष्टकांत भरावयाचा आकडा शेवटी येतो कोठून, याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. शस्त्रक्रियेत निघालेला मांसाचा तुकडा बरणीत घालून प्रयोगशाळेत जातो. तेथे एक माणूस चरबीत बोटे घालून, दाबून दाबून, मसुराएवढ्या ग्रंथी वेचतो. कंटाळून त्याने सहाच वेचल्या आणि त्या सहाही निरोगी निघाल्या, तर अहवालात 'ग्रंथी बाधित नाहीत' असे येईल, आणि ते अक्षरशः खरेही असेल. पंधरा-वीस वेचल्या असत्या तर कदाचित त्यांत दोन सापडल्या असत्या, रोग्याचा वर्ग बदलला असता, आणि पुढचे औषध देण्याचा निर्णय निराळा झाला असता. म्हणून निदान बारा ते पंधरा ग्रंथी तपासल्याखेरीज भाकितावर फार विसंबू नये, असा जाणत्यांचा संकेत आहे. ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांनी अहवाल हाती आल्यावर 'बाधित नाहीत' या शब्दांपाशी न थांबता त्याच्या शेजारचा आकडा वाचावा: किती तपासल्या, आणि त्यांपैकी किती. तो नसेल तर डॉक्टरसाहेबांना विचारावे. ते रागावणार नाहीत. आणि रागावले तरी विचारावे.